दोन मिलिमीटरांची जागा

नकाशेबाईंनी लग्न केलं नाही. म्हणजे त्यांच्या मते केलं नाही. त्यांच्या वहिनीचं मत वेगळं होतं. "झालंय की लग्न! कागदाशी झालंय. सासू नाही, सासरा नाही, आणि नवरा उलटून बोलत नाही. आमच्यापेक्षा बरं जमवलंय वन्संनी." यावर सगळ्यांत मोठ्याने बाईच हसायच्या. त्यांना त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसायचं नाही. कागदाने त्यांना चौतीस वर्षं नीट सांभाळलं होतं.

विमानखात्याच्या नकाशा कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेकडच्या खिडकीशी त्यांचं टेबल. ती खिडकी त्यांनी भांडून मिळवली होती, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो. आता सगळं काम संगणकावर झालं होतं, तरी काचेखाली दिवा असलेलं आपलं जुनं टेबल बाईंनी कुणाला हलवू दिलं नव्हतं. कचेरीतली नवी मंडळी संगणकावर नकाशा करायची, छापून आणायची आणि म्हणायची, "बाई, तुमच्या काचेवर एकदा घालून बघा ना." मग बाई दोन कागद एकावर एक ठेवायच्या, खालचा दिवा लावायच्या, चष्मा कपाळावर सारायच्या आणि गप्प व्हायच्या. त्या गप्प झाल्या की बाकीच्यांनी चहा मागवायचा, असं ठरूनच गेलं होतं. अर्धा तास तरी बाई परत येणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कुठे जायच्या? आकाशात जायच्या, दुसरीकडे कुठे! तुम्हाआम्हाला आकाश म्हणजे मोकळी जागा वाटते. बाईंना ते तसं कधी दिसलंच नाही. मान वर केली की त्यांना रेघा दिसायच्या. इथून विमानं खाली येणार, तिथून वळणार, त्या टाकीच्या डोक्यावरून कुणी जायचं नाही, या टेकडीच्या मागे थांबायचं. बसमधून जाताना एखादं विमान उतरताना दिसलं की त्या आपसूक पुटपुटायला लागायच्या, "तीन हजार... अडीच... दोन..." एकदा शेजारी बसलेली बाई त्यांना म्हणाली, "अहो, एवढी घासाघीस चाललीय, पण घेताय तरी काय?" ते ऐकून आमच्या बाई आपला स्टॉप सोडून दोन स्टॉप पुढे उतरल्या, आणि घरी चालत येईपर्यंत हसत होत्या.

त्यांचं शहरच तसं होतं. विमानतळ शहराच्या पोटात, आणि नदीपलीकडे सैन्याचा तळ. प्रवासी विमानं दर चार मिनिटांनी एक उतरणार, आणि त्यांच्या खालून सैन्याची हेलिकॉप्टरं दिवसभर ये-जा करणार. कधी आजारी माणूस, कधी कुणी बडा अधिकारी, कधी नुसता सराव. दोघांची गाठ पडू नये म्हणून हेलिकॉप्टरांना एक नियम घालून दिला होता: नदीचा अलीकडचा काठ धरायचा आणि दोनशे फुटांच्या खाली राहायचं. या वाटेचा नकाशा बाईंनी काढला होता. काठाने जाणारी हिरवी रेघ हेलिकॉप्टरांची. तिच्या बाजूने तुटक-तुटक फिकी निळी रेघ, ती प्रवासी विमानांची. वैमानिकाला कळावं, की विमान आलंच तर कुठे बघायचं. घडी घातलेला तो नकाशा सैन्याचे वैमानिक पट्ट्याने मांडीवर बांधून उडायचे. एवढ्या गर्दीच्या जागेचा एवढा स्वच्छ नकाशा दुसरा नाही, म्हणून खात्याने त्याला बक्षीस दिलं होतं. चौकटीत घालून तो कचेरीच्या व्हरांड्यात, पिण्याच्या पाण्याच्या यंत्राशेजारी लावला होता. बाई दिवसातून चार वेळा पाणी प्यायला जायच्या, त्यातली एक तहानेची असायची.

आणि भिंगरी. भिंगरी म्हणजे बाईंच्या भावाची मुलगी. भावाच्या आणि वहिनीच्या सतत बदल्या व्हायच्या, त्यामुळे पोरगी निम्मी आत्याकडेच वाढली. लहानपणी एका जागी टिकायची नाही, म्हणून भिंगरी. मोठी होऊन सैन्यात हेलिकॉप्टर उडवायला लागली तेव्हा घरात रडारड झाली, वहिनीने दोन दिवस अन्न सोडलं. बाईंनी मात्र अख्ख्या कचेरीला पेढे वाटले. बाई तिच्याबद्दल काळजी करत नसत असं नाही. पण ती आपल्याच रेघेवरून जाते, म्हणजे आपल्या डोळ्यांसमोरच आहे, असं त्यांना वाटायचं.

एका रविवारी भावाचा फोन आला. "ताई, कार्टी रजा घेऊन येतेय. तुझ्याकडेच राहायचंय म्हणे."

"मग येऊ दे की. तू एवढा घशात अडकल्यासारखा का बोलतोयस?"

"उडायचं सोडतेय ती. टेबलावरचं काम मागणार आहे. का, ते सांगत नाही. हिने विचारलं तर हिच्यावर खेकसली. तूच बघ बाई, तुझंच ऐकते ती."

भिंगरी आली ती पिशवी कोपऱ्यात ठेवून सरळ झोपली. सोमवार झोपण्यात गेला. मंगळवारी दुपारी बाईंनी मुद्दाम रजा टाकली, किलोभर मटार आणले, दोघींच्या मध्ये परात ठेवली आणि सोलायला बसल्या. समोरासमोर बसवून विचारलं तर माणूस बोलत नाही. हाताला काम दिलं की तोंड सुटतं, हे बाईंना कचेरीतल्या चहाच्या वेळांनी शिकवलं होतं. खिडकीतून पिवळं ऊन येत होतं. शेंगा फुटण्याचा तेवढा आवाज होता.

"आत्या," भिंगरी परातीकडे बघत म्हणाली, "मी एक विमान जवळून बघितलं."

बाईंनी पुढची शेंग उचलली.

"तीन आठवडे झाले. सकाळचे साडेअकरा असतील. हवा धुरकट होती. पुलाच्या अलीकडे होते मी, काठ धरून. विमानतळाच्या मनोऱ्यावरून विचारलं, प्रवासी विमान येतंय, दिसतंय का? मी मांडीवरचा नकाशा बघितला, निळी रेघ जिथे आहे तिकडे मान वळवली. दिसलं विमान. म्हटलं, दिसतंय. ते म्हणाले, मग त्याच्यापासून लांब राहा. म्हटलं, राहते." तिने एक शेंग उचलली, फोडली नाही. "मी बघितलं ते विमान त्यांनी विचारलेलं नव्हतंच, आत्या. ते त्याच्या मागचं होतं. त्यांनी विचारलेलं माझ्या डोक्यावर होतं."

"डोक्यावर म्हणजे?"

"आधी सावली आली. सगळं काळं झालं, माझे हातसुद्धा. मला वाटलं ढग. वर बघितलं तर चाकं. त्या चाकांचं रबर झिजलेलं दिसलं मला. पोटावर तेलाचा एक लांब ओघळ होता. मग ऊन आलं. बस, एवढंच. आवाजसुद्धा नंतर आला. मागे आमचा इंजिनियर बसला होता, तो खाली मान घालून काहीतरी लिहीत होता, त्याला वाटलं वारा लागला. मनोऱ्यावरचे लोक एका वेळी सात-आठ विमानं सांभाळतात, त्यांनाही कळलं नाही. कुणालाच कळलं नाही."

"तू सांगितलंस कुणाला?"

"काय सांगू?" आता तिने वर बघितलं. डोळे कोरडे होते. "विमानं भरकटत नाहीत, आत्या. त्यांना जमिनीवरून दोरीने ओढल्यासारखं आणतात, फुटाचा फरक पडत नाही. त्यांची वाट आपल्या काठापासून अर्धा किलोमीटर लांब आहे. म्हणजे मीच अर्धा किलोमीटर भरकटले. आणि मला कळलंसुद्धा नाही! मी शपथेवर सांगितलं असतं, की मी काठावर आहे. आपण कुठे आहोत हे ज्याला कळत नाही त्याने उडू नये. त्या विमानात दोनशे माणसं होती."

बाईंच्या हातात सोललेला एक दाणा होता. तो त्यांनी परातीत टाकला, मग परत उचलला, मग परत टाकला. अर्धा किलोमीटर. तो अर्धा किलोमीटर कुठून आला, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस इथे मटार सोलत बसला होता.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर बाईंवर अन्याय होईल. आकाशाच्या नकाशांकडे येण्याआधी बाई अकरा वर्षं जमिनीचे नकाशे काढत होत्या. जमिनीच्या नकाशात एक अडचण नेहमीची. अरुंद घाट असतो, त्यातून नदी जाते, नदीच्या बाजूने रस्ता, रस्त्याच्या बाजूने रेल्वे. कागदावर तिन्ही रेघा एकमेकींवर चढतात, नुसता काळा फराटा होतो. मग नकाशेवाला काय करतो? नदी आहे तिथे ठेवतो आणि रस्ता केसभर बाजूला घेतो, रेल्वे अजून केसभर. याला ते लोक 'सरकवणं' म्हणतात. सगळ्या जगातले नकाशेवाले सरकवतात, आणि त्यात कुणाचं काही बिघडत नाही, कारण रस्त्यावरचा माणूस रस्ता डोळ्यांनी बघून चालतो.

एकोणीस वर्षांपूर्वी हेलिकॉप्टरांचा नकाशा काढताना नेमकं हेच झालं. नदीचा काठ, हिरवी रेघ, निळी रेघ, दोन्हींच्या उंचीचे आकडे, सगळं पुलापाशी एका जागी आलं. तपासणाऱ्यांनी शेरा मारला, 'वाचता येत नाही', आणि नकाशा परत पाठवला. बाईंनी त्या दुपारी चष्मा कपाळावर घेतला, अर्धा तास गप्प राहिल्या, आणि निळी रेघ दोन मिलिमीटर सरकवली. किती सुंदर बसली ती! आकडे सुटे झाले, काठ मोकळा दिसायला लागला. त्या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे खरे अडीचशे मीटर. त्या काळी नदीच्या बाजूची धावपट्टी आखूड म्हणून कुणी वापरत नसे; दिवसाला तीन लहान विमानं यायची. पुढे गर्दी वाढली, ती धावपट्टी लांब केली, मोठी विमानं यायला लागली. नकाशा तोच राहिला. बक्षीस मिळालेल्या गोष्टीला कोण हात लावतो?

तर हे सगळं बाईंना त्या एका दाण्यापाशी आठवलं. आणि त्या काय म्हणाल्या?

"अगं, दोन घास खाऊन घे आधी," त्या म्हणाल्या.

काय म्हणावं या बाईला! चौतीस वर्षं केसभर चूक डोळ्यांत तेल घालून शोधणारी बाई, आणि पोटच्या पोरीसारखी वाढवलेली भाची समोर बसून स्वतःला दोष देतेय, तेव्हा मूग गिळून बसली. मटार बरे गिळले नाहीत! पण खरं सांगायचं तर बाई घाबरल्या होत्या. त्यांना वाटलं, आपली आठवणच चुकत असेल. आधी बघू, मग बोलू. माणूस स्वतःला असंच फसवतो.

बुधवारी त्यांनी कचेरीत जुना मूळ कागद काढला, काचेवर घातला, त्यावर विमानतळाचा नवा आराखडा ठेवला आणि दिवा लावला. कचेरीने चहा मागवला. आठवण चुकली नव्हती. खरी निळी वाट हिरव्या रेघेच्या अंगावरच पडत होती. दोन्ही मिळून एकच जाड रेघ दिसत होती.

जेवणाच्या सुट्टीत त्या पुलावर गेल्या. या पुलाचं चिन्ह त्यांनी शंभरदा काढलं असेल, पण भर दुपारी कठड्याला टेकून त्या तिथे कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. नदी संथ होती. पाण्यावर ऊन सांडलं होतं, आणि सगळं शहर त्या उन्हात पाण्यात बुडवून काढल्यासारखं मऊ दिसत होतं. नकाशाप्रमाणे विमान पलीकडच्या काठावरच्या चिमणीवरून यायला हवं होतं. बाई चिमणीकडे बघत राहिल्या. चिमणीवर कुणीच आलं नाही. विमान आलं ते या काठावरून, अगदी त्यांच्या डोक्यावरून, चाकं सोडून, हळूहळू, कुणी झोपेत पावलं टाकावीत तसं. "साडेतीनशे," बाई पुटपुटल्या. आणि त्याच वेळी खालून, काठ धरून, एक हेलिकॉप्टर निघालं. दोनशे. दोघांच्या मध्ये दीडशे फूट; आणि हेलिकॉप्टरातला उंचीचा काटा चाळीस-पन्नास फूट इकडेतिकडे दाखवतोच, हे बाईंना पुस्तकातून नव्हे, भिंगरीच्या तोंडून माहीत होतं. पाण्यावर दोन सावल्या पळत होत्या, एक मोठी, एक लहान. पुलाजवळ येऊन मोठीने लहानीला पोटात घेतलं. क्षणभर एकच सावली राहिली. मग लहान पुन्हा सुटी झाली आणि काठाकाठाने निघून गेली.

किती छान दिसलं ते! बाईंना आधी तेच वाटलं, आणि मग त्यांना त्या वाटण्याचीच शिसारी आली. त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. जवळून जाणाऱ्या एका माणसाने विचारलं, "मावशी, चक्कर येतेय का?" त्या म्हणाल्या, "नाही हो, बघत होते जरा."

तिथून त्या थेट साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब म्हणजे कचेरीचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, उलट बाईंना मानायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं, दार लावलं, पंखा वाढवला.

"बाई, नकाशाच्या खाली काय छापलंय? 'निळी रेघ केवळ माहितीसाठी. प्रमाणात नाही.' आपण बांधील नाही."

"साहेब, ते अक्षर एवढं बारीक आहे की मलाही भिंग लागतं. आणि ते बारीक मीच केलंय."

"आणि लेखी नियमात वाट बरोबरच दिलीय ना? कुणी वाचत नसेल तर आपण काय करणार?"

"उडताना मांडीवर नियम नसतो साहेब, नकाशा असतो."

साहेबांनी कपाळ चोळलं. "हे बघा. एकोणीस वर्षं काही झालेलं नाही. सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघणारच आहे, तेव्हा गुपचूप रेघ जागेवर आणू. कुणाला कळणारही नाही. तुमची चार महिन्यांनी निवृत्ती. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. कशाला आपल्या हाताने आपल्या नावाला काळं फासताय? त्या नकाशावर तपासणारा म्हणून माझीही सही आहे, तेवढं लक्षात ठेवा."

बाई खाली मान घालून बाहेर आल्या. खोटं कशाला बोला, त्यांना बरं वाटलं होतं. साहेब म्हणतात म्हणजे होईल सगळं. बसमध्ये त्यांचा डोळा लागला, आणि स्वप्नात सगळं आकाश त्यांच्या काचेच्या टेबलाएवढं झालं. खाली दिवा लागला होता. त्यावर विमानं आणि हेलिकॉप्टरं अशी चिकटून बसली होती, आणि बाई त्यांना नखाने सरकवत होत्या, तू इकडे, तू तिकडे, आणि ती सगळी शहाण्यासारखी सरकत होती. जाग आली तेव्हा त्यांचं नख पिशवीच्या कापडावर घासत होतं.

गुरुवारी दुपारी त्या लवकर घरी आल्या. भिंगरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहीत बसली होती. चार दिवसांत पहिल्यांदाच तिने केस नीट बांधले होते.

"बरं झालं आलीस. उद्या द्यायचाय अर्ज. तुझं लिहिणं चांगलं, जरा वाचून बघ ना."

बाईंनी कागद घेतला. अक्षर सुरेख होतं, ते बाईंनीच घोटून घेतलेलं. सुरुवात रीतसर होती. मधे एक वाक्य होतं: 'उड्डाण करताना मला स्वतःच्या जागेचं भान राहत नाही, आणि ही उणीव माझ्या स्वभावातच असावी.'

बाईंना ते वाक्य पुन्हा वाचवेना.

"हे खोटं आहे," त्या म्हणाल्या.

"खोटं नाही आत्या, तुला काय माहीत..."

"मलाच माहीत आहे. तू काठावरच होतीस. एक फूट हलली नव्हतीस. ती निळी रेघ खोटी आहे. ती मी सरकवली. आकडे वाचता येईनात, म्हणून. दोन मिलिमीटर." त्यांनी अर्ज टेबलावर उलटा ठेवला. "विमानांची वाट तिथे नाहीच गं. ती तुमच्या डोक्यावर आहे. मी काल पुलावर जाऊन बघून आले."

भिंगरी बघत राहिली. बाईंना वाटलं, आता ही रडेल, किंवा हसेल, किंवा गळ्यात पडेल. म्हणेल, म्हणजे माझी चूक नव्हती! तीन आठवड्यांचं ओझं उतरेल पोरीच्या छातीवरचं. एवढ्या लाजेतही बाई त्या एका क्षणाची वाट बघत होत्या.

पोरीचा चेहरा पांढरा पडला.

"मी रेघेवर होते?"

"होतीस. अगदी रेघेवर."

"आत्या, मग सगळेच रेघेवर आहेत." ती उभी राहिली, खुर्ची मागे पडली. "मला वाटत होतं मी एकटीच चुकले. मी उडायचं थांबवलं की संपलं. पण मी बरोबर होते म्हणजे रोज जो बरोबर जातो तो... सगळे तुझाच नकाशा बांधून जातात! तुला कधी कळलं हे?"

"मंगळवारी," त्या म्हणाल्या. "तू सांगितलंस तेव्हाच."

"मंगळवारी! आज गुरुवार आहे! दोन दिवस तू गप्प बसलीस? रोज वीस-वीस फेऱ्या होतात तिथून! आत्या, तू? तू गप्प बसलीस?"

तिने आयुष्यात आत्यावर आवाज चढवला नव्हता. बाईंना कुणी तोंडात मारल्यासारखं झालं, आणि त्यांना ते योग्यच वाटलं. सहा महिने, साहेब म्हणाले होते. मान खाली घालून आल्या होत्या त्या. भिंगरीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पावणेचार.

"चारला आमचं एक निघतं. आज ढमी जाणार आहे, माझी ज्युनियर. ती तर नकाशाबाहेर श्वाससुद्धा घेत नाही." ती तळावरच्या आपल्या अधिकाऱ्याच्या फोनचे आकडे दाबत होती. बोटं घसरत होती, पुन्हा दाबत होती. "सर, मी बोलतेय. रजेवर आहे, हो. सर, पुलाजवळची वाट सुरक्षित नाही. माझ्या बाबतीत तीन आठवड्यांपूर्वी एक प्रकार झालाय, मी तो कळवला नाही, ती माझी चूक, त्याची जी शिक्षा असेल ती द्या. पण नकाशातली विमानांची रेघ चुकीच्या जागी आहे... नाही सर, पक्कं... मला कसं माहीत म्हणजे..."

ती थांबली. तिने आत्याकडे बघितलं. सांग असं ती म्हणाली नाही, सांगू नको असंही म्हणाली नाही. साहेबांची सही, व्हरांड्यातली चौकट, चौतीस वर्षं, हे सगळं बाईंना त्या बघण्यात दिसलं. मग त्यांनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

फोनमध्ये आधी नुसती घरघर ऐकू आली. तळावर कुठलं तरी हेलिकॉप्टर चालू होतं, पाती फिरत होती. त्यावरून एक दमदार आवाज विचारत होता, "हॅलो? कोण बोलतंय?"

"मी हिची आत्..." बाई थांबल्या. त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला. "तुमच्या वैमानिकांच्या मांडीवरचा नकाशा मी काढलाय. विमानांची रेघ मी माझ्या हाताने चुकीच्या जागी ओढली आहे. खरी वाट तुमच्या वाटेच्या बरोबर वर आहे. माझं नाव लिहून घ्या, हुद्दा लिहून घ्या, मी उद्या सगळे कागद घेऊन येते, विमानतळावरही मीच सांगते. पण आत्ता चारचं उड्डाण थांबवा."

"बाई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय..."

"कळतंय. थांबवा."

पलीकडे घरघर तेवढी चालू होती, आणि बाई डोळे मिटून ती ऐकत होत्या. मग तो माणूस फोन बाजूला धरून लांब कुणाला तरी मोठ्याने ओरडला. काय ओरडला ते बाईंना समजलं नाही. घरघर तशीच राहिली. कितीतरी वेळ तशीच राहिली. आणि मग ती किंचित खाली आली. पात्यांचे फटके एकेक सुटे ऐकू यायला लागले, मग मोजता येतील इतके सावकाश, मग अगदीच थोडे. बाईंनी आयुष्यभर रेघा ओढल्या होत्या, पण त्या रेघेवर माणूस बसलेला असतो, त्याचा आवाज त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

शेवटी सगळं शांत झालं. त्या शांततेत, फोनपासून बऱ्याच अंतरावर, एक तरुण मुलगी कुणाला तरी वैतागून विचारत होती, "का थांबवलं? काय झालं?"

बाईंनी फोन भिंगरीच्या कानाला लावला. भिंगरीने ते ऐकलं आणि ती हमसून हमसून रडायला लागली.